मेनोपॉजचा त्रास आणि आपलं रोजचं ताट: काय बदललं की खरंच फरक पडतो?

पारिजातक
वय ४८. गेलं वर्षभर पाळी मनाला येईल तशी येतेय. कधी दोन-दोन महिने पत्ता नाही, कधी पंधरा दिवसांत हजर. ते एक वेळ चालवून घेईन, पण रात्री अचानक छातीपासून मानेपर्यंत आग उसळते, गाऊन भिजतो आणि पाच मिनिटांनी थंडी वाजते. मग झोप गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी चिडचिड. घरात मुलगी बारावीला, तिच्यावर आवाज चढतो आणि मग मलाच वाईट वाटत राहतं.

डॉक्टरांनी थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर सगळं तपासलं. थायरॉईडची गोळी आधीपासून चालू आहे, ती तेवढीच ठेवली. "पेरीमेनोपॉज आहे (म्हणजे पाळी कायमची थांबण्याआधीचा काळ), आहार सांभाळा" म्हणाल्या. आहार सांभाळायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारायच्या आत पुढची पेशंट आत आली होती.

नेटवर शोधलं की ॲव्होकाडो, केलची पालेभाजी आणि सामन मासा. आमच्याकडे पोळी, भाजी, आमटी, भात. चतुर्थी आणि सोमवार उपवास. मांसाहार नाही, अंडं चालतं. ज्यांनी याच ताटात बदल करून पाहिले त्यांनी प्लीज लिहा. फरक पडला नसेल तर तेही लिहा. पावडरी आणि कॅप्सूलच्या जाहिराती मात्र नकोत.

खमंग
वाचतेय. माझी पण गाडी याच स्टेशनात शिरतेय.

कोकणची_माहेरवाशीण
पारिजातक, आधी एक वही कर. ती आग उसळण्याचा झटका (हॉट फ्लॅश) कधी आला आणि त्याच्या आधी तासाभरात पोटात काय गेलं, एवढंच लिही. मी केलं तेव्हा लक्षात आलं की माझे रात्रीचे झटके दोन गोष्टींना बांधलेले होते. एक म्हणजे संध्याकाळी ऑफिसातून आल्यावरचा कडक, उकळता चहा. दुसरं म्हणजे साडेनऊ-दहाला टीव्हीसमोर होणारं तिखट जेवण.

चहा सोडला नाही, सकाळवर नेला. संध्याकाळी कोकम सरबत किंवा ताक. जेवण आठच्या आत. रात्रीचे झटके बरेच उतरले, दिवसाचे होते तसेच आहेत. माझ्या मोठ्या जावेला मात्र चहा-तिखटाने काहीच होत नाही, तिला लग्नकार्यातल्या गर्दीत नि उकाड्यात होतं. म्हणून म्हणते, दुसरीची यादी घेऊ नकोस, स्वतःची बनव.

स्टेथो
मी नाशिकला स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथे कुणाची तपासणी करू शकत नाही, पण थोडं मूळ सांगते.

इस्ट्रोजेन खालीवर व्हायला लागलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र, हायपोथॅलॅमस, फार हळवं होतं. एरवी शरीराचं तापमान किंचित वाढलं तर ते दुर्लक्ष करतं. आता तेवढ्याच वाढीला "तापलं, तापलं" म्हणून कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतं आणि घाम काढतं. गिझरचा थर्मोस्टॅट बिघडावा तसं. त्यामुळे गरम पेय, दारू, बंद खोली, जाड पांघरूण अशी छोटी निमित्तं पुरतात. आहाराने निमित्तं कमी करता येतात. मूळ कारण आहाराने जात नाही, हे मनाशी पक्कं ठेवा, म्हणजे पथ्य पाळूनही झटका आला तर स्वतःला दोष देणार नाही.

सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला म्हणतात. आपल्याकडे हे साधारण ४६-४७ च्या सुमारास होतं, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. आणि सगळ्यांनी एक लक्षात ठेवा: त्या १२ महिन्यांनंतर एक डाग जरी लागला तरी घरगुती उपाय करत बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा. पेरीमध्ये अति रक्तस्राव होत असेल तरी तेच. तिथे बीट-खजूर पुरत नाहीत.

लातूरची_लेक
सोयाबीन! कुणीच कसं लिहिलं नाही अजून?

आमच्या भागात नजर जाईल तिथवर सोयाबीन, आणि घरात मात्र शिजत नाही. सगळं तेलाच्या गिरणीला. त्या तेलात आयसोफ्लेव्होन (सोयाबीनमधली इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं) जवळजवळ उरतच नाहीत, म्हणजे "आम्ही सोयाबीन तेलच वापरतो" याचा इथे उपयोग शून्य.

२०२१ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बायकांना कमी तेलाचा, पूर्ण वनस्पतीजन्य आहार आणि रोज अर्धा कप शिजवलेलं सोयाबीन दिलं. १२ आठवड्यांत मध्यम ते तीव्र झटके ८४ टक्क्यांनी घटले. मी तेव्हापासून सोयाबीनची उसळ करते. रात्रभर भिजवायचं, ते पाणी फेकायचं, सालं चोळून काढायची आणि कुकरला भरपूर शिट्ट्या. कच्चट राहिलं तर पचत नाही. मग आलं, लसूण, गोडा मसाला, वरून ओलं खोबरं. मला फायदा आहे. झोप लागते.

तोलूनमापून
लेक, उसळीची कृती झकास. पण त्या अभ्यासाबद्दल थोडं. मी आहारतज्ज्ञ आहे आणि हा आकडा मला दर आठवड्याला कुणीतरी दाखवतं.

त्यात एकूण ३८ बायका होत्या, दोन्ही गट धरून. ज्यांना आहार दिला त्यांचं वजनही उतरलं, तेल कमी झालं, मांस-दूध बंद झालं, सोयाबीन आलं. चार गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय कुणाचं? शिवाय कोण कुठल्या गटात आहे हे त्यांना माहीत होतं. झटक्यांच्या अभ्यासात नुसत्या अपेक्षेनेही बराच फरक पडतो. उत्तर अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये हार्मोनविरहित उपायांचा आढावा घेतला, त्यात झटक्यांसाठी सोया पदार्थांची शिफारस केलेली नाही. वजन कमी करण्याची मात्र केली आहे.

आणखी एक. सोयातल्या डेडझीन या आयसोफ्लेव्होनपासून इक्वॉल नावाचा, इस्ट्रोजेनसारखं काम करणारा पदार्थ आतड्यातले काही जंतू बनवतात. ते जंतू सगळ्यांच्या पोटात नसतात. जपानमध्ये साधारण निम्म्या लोकांत असतात, पाश्चात्त्यांत त्याहून कमी. त्यामुळे एकीला गुण आणि दुसरीला काहीच नाही, असं होण्याला हेही एक कारण असू शकतं.

लातूरची_लेक
@तोलूनमापून, म्हणजे मला बरं वाटतंय ते खोटं?

तोलूनमापून
अजिबात नाही. तुम्हाला बरं वाटतंय ते खरंच आहे आणि उसळ चालूच ठेवा. माझं म्हणणं एवढंच, की पारिजातकला उसळीने गुण आला नाही तर तिने "मीच नीट केलं नाही" असं समजू नये. सोयाबीनचा दुसरा गुण तर वादातीत आहे: प्रथिनं. आपल्या शाकाहारी ताटात खरी खोट तिथे आहे.

विदर्भाची_पोर
आमच्याकडे जवसाची चटणी बारा महिने. जवस भाजून, सुकी लाल मिरची, लसूण, मीठ, जिरं, खलबत्त्यात कुटायचं. ज्वारीची भाकरी, वरून कच्चं तेल. आई म्हणते तिला पाळी जाताना काहीच त्रास झाला नाही, जवसामुळे.

तोलूनमापून
चटणी दोन चमचे खा आणि आनंदाने खा. जवसात ओमेगा-३ आहे, चोथा आहे, पोट साफ राहतं. पण झटक्यांसाठी म्हणाल तर जवसाची चाचणी झालेली आहे. आधीच्या छोट्या अभ्यासात आशा दिसली होती, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र जवसाची वडी खाणाऱ्या आणि साधी वडी खाणाऱ्या बायकांत फरक निघाला नाही. एक सूचना: जवस अख्खे गिळू नका, तसेच बाहेर पडतात. कुटून किंवा दळूनच.

विदर्भाची_पोर
आईला हे सांगायची माझी हिंमत नाही 😀 खलबत्ता फेकून मारेल.

मालवणी_तिखलं
"तिखट कमी करा" हे वाचून पोटात गोळा आला. आम्ही मग जगायचं कसं? बांगड्याचं तिखलं गोड करून खाऊ?

गंमत राहू दे. मी दुपारी तिखट खाते, रात्री नाही. रात्री पेज, कुळथाची पिठी नाहीतर मऊ भात आणि सोलकढी. आणि मासे खाणाऱ्यांनी तारली, बांगडा, पेडवे सोडू नका. सामनच्या मागे लागायची गरज नाही, आपल्या स्वस्त माशांतही ओमेगा-३ भरपूर. सुकट काट्या-डोक्यासकट खाल्ली तर कॅल्शियमही मिळतं. फक्त खारवलेली असेल तर दोनतीनदा धुऊन घ्या, या वयात बीपी वर सरकायला लागतं.

माजघर
मी ६७ वर्षांची. तुमचे झटके वाचतेय आणि सगळं आठवतंय. माझे सहा-सात वर्षं राहिले, मग आपोआप गेले. पण मुलींनो, सगळा धागा त्या झटक्यांवरच चाललाय. झटके जातात. हाडं जातात ती परत येत नाहीत.

माझ्या सासूबाई न्हाणीघरात नुसत्या बसल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. त्यांनी आयुष्यभर घरातल्या सगळ्यांना दूध दिलं आणि स्वतः कोरा चहा घेतला. सायीचं दही मुलांना, तळाशी उरलेलं ताक स्वतःला. आपल्या किती घरांत अजून हेच चालतं ते बघा. मला वाटतं आहाराचा पहिला बदल इथेच करायला हवा: दुधाचा पेला बाईने स्वतःसाठी भरून बाजूला ठेवायचा, सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर नव्हे.

स्टेथो
माजघर ताई, हे मी रोज सांगते आणि इतकं नीट कधी सांगता आलं नाही. पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची झीज सगळ्यांत वेगाने होते. म्हणजे पारिजातकचं वय हीच तयारीची वेळ.

तोलूनमापून
मग हिशेब मांडूच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत पाळी थांबलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलंय.

एक मोठा पेला दूध (२५० मिली): साधारण ३००. वाटीभर दही: १८० च्या आसपास. नाचणीची एक मध्यम भाकरी (पन्नासेक ग्रॅम पीठ): १७० ते १८०. चमचाभर तीळ, मोठा चमचा: शंभराच्या पुढे. कुळीथ, राजगिऱ्याची भाजी, शेवग्याचा पाला यांतून आणखी दीडदोनशे. म्हणजे दूध-दही दोन वेळा आणि नाचणी-तीळ रोज असले तर हजाराच्या आसपास पोचता येतं. नुसत्या पोळी-भाजी-भातावर निम्म्यालाही पोचत नाही. पालकावर विसंबू नका, त्यातलं बहुतेक कॅल्शियम ऑक्सलेटमुळे अंगी लागत नाही.

प्रथिनांचं असं: ६० किलो वजनाच्या बाईला किमान ५० ग्रॅम. आपली पातळ आमटी म्हणजे वाटीला चार-पाच ग्रॅम. एक अंडं सहा. सकाळी पोहे, दुपारी पोळी-बटाटा, रात्री खिचडी असा दिवस गेला तर तिसाच्या वर जाणं कठीण. स्नायू उतरतात, पोट सुटतं, आणि मग "काही खात नाही तरी वजन वाढतंय" म्हणून बायका आणखी कमी खातात. पोह्यांत मोडाचे मूग घाला, आमटी घट्ट करा, रात्री मुगाचं धिरडं, पिठलं किंवा अंडाकरी. पिठलं हा या वयातला फार कामाचा पदार्थ आहे, त्याला कुणी मान देत नाही.

खमंग
पिठल्याला मान मिळाला, आजचा दिवस सार्थकी लागला.

सातारी_गडी
पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? बायको गेली दोन वर्षं यातून जातेय. मी एवढंच केलं की रात्रीचं जेवण साडेसातला व्हावं म्हणून संध्याकाळची भाजी चिरणं आणि कुकर लावणं माझ्याकडे घेतलं. आधी ती सात वाजता कामावरून यायची, मग स्वयंपाक, मग सगळ्यांना गरम पोळ्या, आणि स्वतः दहाला गॅससमोर घामाघूम होऊन जेवायची. "आठच्या आत जेवा" हा सल्ला बाईला देऊन काय उपयोग, घराला द्यायला हवा.

कोकणची_माहेरवाशीण
@सातारी_गडी, हा प्रतिसाद छापून फ्रीजवर लावते.

नीरा_भीमा
उपवासाचं काय पण? पारिजातकने चतुर्थी-सोमवार लिहिलंय. माझं निरीक्षण: उपवासाच्या दिवशी मला दुप्पट त्रास. सकाळी चहावर चहा, दुपारी साबुदाण्याची खिचडी, रात्री चंद्रोदयापर्यंत थांबायचं. पोट रिकामं राहिलं की थरथर, आणि पाठोपाठ झटका.

माजघर
साबुदाण्यात नुसतं पिष्ट आहे. मी उपवास सोडला नाही, साबुदाणा सोडला. राजगिऱ्याची लाही दुधात, भगरीचा भात आणि दाण्याची आमटी, दही, शिंगाड्याच्या पिठाचं थालीपीठ. देवाला साबुदाणाच हवा असं काही नाही. साबुदाणा ज्यापासून होतो ते कंदच मुळी परदेशातून आलेत.

शुक्रतारा
पण उपवास म्हणजे पोटाला विश्रांती ना? त्या दिवशी मोजून प्रथिनं खायची तर उपवास कशाला करायचा? मला हे पटत नाही. श्रद्धेने केलेल्या उपवासाने मन शांत होतं, त्याचाही झोपेवर परिणाम होतोच.

नीरा_भीमा
मन शांत होत असेल तर जरूर करा. माझं होत नव्हतं, डोकं दुखत होतं.

गोदाकाठ
विषय थोडा वळवते, माफ करा, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी बीड भागात बायकांच्या आरोग्यावर काम करते. इथे सगळ्या ४५-५० बद्दल बोलताहेत. आमच्याकडे तिशीत-पस्तिशीत पिशवी काढलेल्या बायका आहेत. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पाळीत खाडा झाला तर मजुरी बुडते, उचल फिटत नाही, आणि कुणीतरी सांगतं की पिशवी काढली की कटकट मिटली.

पिशवीसोबत बीजकोशही (ओव्हरी) काढले तर मेनोपॉज हळूहळू येत नाही, त्याच आठवड्यात येतो. पस्तिशीची बाई, अंगातून वाफा, कंबर धरलेली, आणि डोक्यावर मोळी. तिला ॲव्होकाडो काय आणि नाचणी काय, रानात पहाटे केलेली बाजरीची भाकरी नि मिरचीचा ठेचा दिवसभर पुरवायचा असतो. आम्ही तीळ-शेंगदाणे-गुळाचे लाडू करून देतो, भाकरीसोबत वाटीभर मठ-हुलग्याचं कालवण करायला सांगतो. ते पुरेसं नाही, हे रोज दिसतं. इतक्या लहान वयात बीजकोश गेले तर हाडं आणि हृदय दोन्हींसाठी हार्मोन द्यायचे की नाही हे डॉक्टरांनी बघायलाच हवं. तिथवर त्या पोचतच नाहीत.

या धाग्यावरच्या कुणाच्या घरी कामाला येणाऱ्या ताईने "माझी पिशवी काढलीय" म्हटलं तर वय विचारा, आणि बीजकोश ठेवलेत का हे तिच्या कागदांवर बघायला मदत करा.

स्टेथो
गोदाकाठ, अजिबात अवांतर नाही. एक जोडते: नुसतं गर्भाशय काढलं आणि बीजकोश ठेवले तरी मेनोपॉज काहीसा लवकर येऊ शकतो, आणि पाळी नसल्यामुळे तो आलेला कळत नाही.

दूरदेशी
मेलबर्नहून. मी दोन वर्षं सगळं केलं. सोया, जवस, रात्री हलकं जेवण, वाईन बंद. वजन उतरलं, कोलेस्टेरॉल सुधारलं. झटके मात्र तसेच, मीटिंगमध्ये बोलता बोलता घामाच्या धारा. शेवटी डॉक्टरांशी बोलून हार्मोनचा पॅच सुरू केला आणि काही आठवड्यांत माणसात आले. आपल्याकडच्या बायका "गोळ्या नकोत, नैसर्गिक हवं" म्हणत किती सोसतात! मला ते बघवत नाही.

शुक्रतारा
हार्मोनने कॅन्सर होतो ना? म्हणून तर सगळ्या आहाराकडे वळतात.

स्टेथो
ती भीती २००२ मध्ये अमेरिकेतल्या हार्मोनच्या एका मोठ्या चाचणीचा भाग मध्येच थांबवल्यापासूनची. त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पुढे वयानुसार आकडे तपासले तेव्हा चित्र बदललं: साठीच्या आतल्या किंवा पाळी थांबून दहा वर्षं झाली नसलेल्या, इतर धोके नसलेल्या, तीव्र त्रास असलेल्या बहुतेक बायकांना फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल तर साधारणपणे देत नाही. त्यांच्यासाठी हार्मोनविरहित औषधंही आहेत. आणि योनीचा कोरडेपणा, वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग यांना आहाराने काही होत नाही. त्याला स्थानिक मलम मिळतं, पण लाजेने कुणी विचारतच नाही.

पारिजातक
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नीट कुणी मला क्लिनिकमध्ये सांगितलं नव्हतं. मी असं ठरवलंय: वही आजपासून. संध्याकाळचा चहा बंद, त्या जागी ताक. रात्रीचं जेवण आठच्या आत, आणि त्यासाठी सातारी_गडी यांचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिलाय, कुकरची जबाबदारी त्याने घेतलीय. दुपारी नाचणीची भाकरी, सकाळी दुधाचा पेला माझा. सोयाबीनची उसळ आठवड्यातून तीनदा, गुण आला तर बोनस, नाही तर प्रथिनं तर आहेतच. चतुर्थीला साबुदाण्याऐवजी भगर. तीन महिन्यांनी झोप अशीच राहिली तर हार्मोनबद्दल डॉक्टरांशी बोलणार, आणि यावेळी प्रश्न कागदावर लिहून नेणार.

एकच शंका. थायरॉईडची गोळी सकाळी उठल्या उठल्या घेते आणि अर्ध्या तासाने नाश्ता. मग दूध आणि सोयाबीन चालेल का?

स्टेथो
चालेल, वेळ सांभाळा. गोळी रिकाम्या पोटी पाण्यासोबत घ्या, नाश्ता अर्ध्या-पाऊण तासाने, पण त्यात दूध नको. कॅल्शियम आणि सोया दोन्ही गोळीचं शोषण कमी करतात. उसळ दुपारी खा, दुधाचा पेला चार वाजता किंवा रात्री. कॅल्शियमची गोळी कधी सुरू झाली तर तिच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा. सोयाबीन रोजचं झालं तर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) पुन्हा तपासा.

पारिजातक
मग दूध चार वाजता, चहाच्या वेळेलाच. थँक यू डॉक्टर.

लातूरची_लेक
उसळीला सोयाबीन घेताना बियाण्याचं घेऊ नकोस हं, त्याला औषध लावलेलं असतं. किराणा दुकानातलं खायचं म्हणून मागून घे.